जावईबापू खंगलेले नाहीत

प्रिय आई,

फोनच करणार होते. पण फोनवर तू रडायला लागतेस आणि माझं बोलणं राहूनच जातं, म्हणून हे पत्र. आम्ही सगळे मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे, पण मी मजेत नाही. मी संतापलेय, आणि तुझ्यावरच.

परवा गुलमंडीत केसरमावशी भेटली. भर रस्त्यात म्हणाली, "तुही माय सांगत व्हती, जावईबापू लई खंगले म्हणून." खंगले? आई, विश्वजीत एकशे बारा किलोचा होता, आता एकशे तीनचा आहे. याला खंगणं म्हणत नाहीत. एवढ्यासाठी तो रोज सकाळी दुखरे गुडघे घेऊन कॅनॉट गार्डनला चकरा मारतो. आणि तू सिल्लोडभर दवंडी पिटतेस की मी त्याला उपाशी ठेवते.

फेब्रुवारीत त्याला फ्लू झाला तेव्हा चितेगावच्या कंपनीत त्याच्या शेजारी बसणाऱ्या काटकुळ्या काकासाहेबांनाही तोच ताप होता. लस दोघांनी एकाच शिबिरात घेतलेली. काकासाहेब आठवड्याभरात कामावर हजर, आणि हा अतिदक्षता विभागात, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. तेव्हापासून तू जिला तिला सांगत सुटलीयस की लशीचा काही उपयोग नसतो. डॉक्टर करुणाताईंनी तुला समोर बसवून सांगितलं होतं ना? चरबी नुसती साठून बसत नाही, अंगात बारीक सूज धुमसत ठेवते. रोगाशी लढणाऱ्या पेशी त्यातच दमतात. लशीनं आलेली ताकद अशा शरीरातून लवकर ओसरू शकते आणि विषाणू मात्र मुक्काम लांबवतो. त्यात पोटाच्या भारानं फुप्फुसं पुरती फुलत नाहीत. लस घेतली नसती तर याहून वाईट झालं असतं, दरवर्षी न चुकता घ्या, असंही त्या म्हणाल्या. तू मान डोलावलीस, आणि संध्याकाळच्या डब्यात डिंकाचे लाडू पाठवलेस. मास्क बाजूला करून त्यानं दोन खाल्ले. सिस्टरची बोलणी मी खाल्ली.

मला त्याच्या वजनाचा राग नाही गं. राग येतो तो आपल्या माणसांचा. लग्नात आग्रह करकरून त्याच्या ताटात जिलेब्या टाकणारे हेच, आणि तो हात धुवायला उठला की आता खुर्ची सुटली बिचारी म्हणून मागं खिदळणारेही हेच. त्याला ते ऐकू जातं. घरी येऊन फ्रिज उघडून उभा राहतो. याच लाजेपायी तो दवाखान्यात जायला बघत नाही. त्या तापातही चार दिवस अंगावर काढले, कारण तिथं पहिल्यांदा वजनकाट्यावर उभं करतात आणि लोक बघतात. तुला यातलं काहीच माहीत नाही. तुझ्यासमोर तो हसत हसत वाटी पुढं करतो. आईंचं मन कसं मोडू, म्हणतो.

काल त्याचा मोबाईल चार्जिंगला लावला आणि हात लागून तुझा निरोप सुरू झाला. तुझाच आवाज. "जावईबापू, अधिक महिन्यात धोंड्याला या. तेहतीस अनारसे करते, पुरणाचे धोंडे तुपात बुडवून ठिवते. अपेक्षाला सांगू नका, यकटेच या." आणि त्यानं हो म्हणून कळवलंय! आई, पुन्हा असा आजार झाला तर या फुप्फुसांना तो झेपेल की नाही, याची खात्री डॉक्टरही देत नाहीत. मला माझा नवरा जिवंत हवाय. त्याचा मान करायचा ना? कर. ओवाळ, कपडे कर, चांदीचं निरांजन दे. ताटात मात्र ज्वारीची भाकरी, मुगाचं वरण आणि अंबाडीची भाजी वाढ, धोंडा एकच, आणि दुसऱ्यांदा वाढायला फिरकू नकोस. बस्स म्हणायचं त्याच्या तोंडून निघत नाही, ते तू म्हण. तो माझं ऐकत नाही, तुझं ऐकतो, म्हणून तर हे लिहिलं. जमणार नसेल तर तसं कळव. मग मीही येते धोंड्याला, आणि भरल्या पंगतीत, सगळ्या भावकीसमोर, तुझ्या जावयापुढचं ताट उचलून नेते.

रागावलेली, तरी तुझीच,
अपेक्षा