विरळ हवेतले साहेब

दि. ९ एप्रिल

ती. बाबांना,
सूनबाईचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र ऑफिसातून लिहितेय आणि तुम्हीही उत्तर ऑफिसच्याच पत्त्यावर पाठवा. आमचं घर म्हणजे एक खोली. तिथून फोनवर कुजबुजले तरी तुमच्या चिरंजिवांच्या कानावर जाईल, आणि तुमच्याशी बोललेलं त्यांना सध्या चालत नाही.

माझं बोगद्याच्या मोजणीचं काम ठीक चाललंय. इतक्या उंचीवर आल्यावर डोकं दुखायचं तेही थांबलं. शाळेत खेळाचे सर म्हणून ह्यांचंही बस्तान बसलंय. बसलं नाही ते फक्त ह्यांच्या शर्यतीच्या मोटरसायकलचं. ती सकाळी सुरू व्हायला कुरकुर करते, काळा धूर सोडते, आणि शाळेच्या चढावर अर्ध्यात तिचा जीव जातो. परवा टपालवाले जुन्या मोपेडवरून ह्यांच्या पुढे निघून गेले. वर पोचल्यावर थांबून त्यांनी अगदी आदराने विचारलं की, काही मदत हवी आहे का. ते ऐकल्यापासून हे दोन घास कमीच जेवतात.

आधी दोष इथल्या पेट्रोलचा होता, मग रस्त्याचा झाला. आता रोज संध्याकाळी प्लग काढून पुसत बसतात. तो कोळशासारखा काळा निघतो. ही गाडी वर धापा टाकेल असं निघताना तुम्ही म्हणाला होतात, आणि तुमची अक्कल जुन्या स्कूटरींबरोबर भंगारात गेली असं हे म्हणाले होते. म्हणजे आता विचारायची सोयच राहिली नाही. म्हणून मी विचारतेय.

तुमचा लोभ इथल्या हवेसारखा विरळ होऊ देऊ नका.

तुमची,
सूनबाई


दि. १७ एप्रिल

चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आ.

पत्र वाचून बरं वाटलं. मोपेडचा भाग मी पुन्हा वाचला, हे तुझ्यापाशी कबूल करतो.

गाडीला काही झालेलं नाही. वर हवा विरळ, पण कार्ब्युरेटर पेट्रोल सोडतो ते खालच्याच हिशेबाने. जळायला पुरेशी हवा नाही, म्हणून उरलेल्या पेट्रोलची काजळी होते. आत पितळेचा एक बारीक भोकाचा तुकडा असतो, त्याला जेट म्हणतात. त्यापेक्षा लहान भोकाचा जेट घालायचा आणि त्यावरची सुई एक खाच खाली उतरवायची. जेट सोबत पाठवतोय.

मी सांगितलंय असं मात्र म्हणू नकोस. नाहीतर तो मुद्दाम मोठ्या भोकाचा जेट शोधून आणेल. मी त्याचा बाप आहे, त्याला तो स्वभाव कुठून मिळाला ते मला ठाऊक आहे.

प्रकृतीला जप, आणि मधूनमधून लिहीत जा.

तुझा,
बाबा


दि. २ मे

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचा सल्ला मी आधी माझा म्हणून दिला. ह्यांनी माझ्या डोक्यावर थोपटलं आणि इंजिन म्हणजे काय ते मला पहिल्यापासून समजावून सांगितलं. चहा गार झाला.

मग नाइलाज झाला. आमच्या ऑफिसात एक नवे साहेब आलेत, तरुणपणी शर्यतीत गाड्या पळवायचे, अशी मी थाप मारली. जेटची पुडी साहेबांनी दिली म्हणून ह्यांच्या हातात ठेवली. ह्यांनी ती प्रसादासारखी घेतली. त्याच संध्याकाळी जेट बसला, सुई उतरली, आणि गाडीने मोकळा श्वास घेतला. धूर गेला. प्लग विटकरी रंगाचा निघाला, तो ह्यांनी शेजाऱ्यांनाही दाखवला.

आता घरात उठताबसता साहेब. मन घट्ट करून पुढचं वाचा. असा एक माणूस बाबांना आयुष्यात भेटला असता तर त्यांचं गॅरेज कुठल्या कुठे गेलं असतं, असं काल हे म्हणाले. मी भाजी ढवळत राहिले.

उभ्या चढावर गाडी अजून रेंगाळते. साहेबांचं काय म्हणणं आहे ते विचारून घे, असा मला हुकूम आहे. तर काय म्हणणं आहे?

राग मानू नका, आणि मानलात तरी उत्तर पाठवा.

तुमची,
सूनबाई


दि. ११ मे

चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आ.

राग कसला, उलट साहेबांचा मला हेवाच वाटला. चाळीस वर्षं हात काळे केले, पण माझी पुडी कुणी अशी घेतली नाही.

साहेबांचं म्हणणं असं. पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे साखळी फिरवणारं दातेरी चाक, एक दात कमी असलेलं घालावं. सपाटीवरचा सगळ्यात वरचा वेग थोडा जाईल, पण चढाला जोर येईल. आणि एक गोष्ट साहेबांनी त्याला स्पष्ट सांगावी. खालची सगळी ताकद वर परत मिळणार नाही. जेवढी हवा आहे तेवढ्यात नीट जळावं, इतकंच माणसाच्या हातात असतं. हे मी सांगितलं असतं तर भांडण झालं असतं.

साहेबांचं वय काय ठरवलंयस तेही कळव. फार म्हातारे नकोत.

असाच जीव लावत राहा.

तुझा,
बाबा


दि. २९ मे

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

ताकदीबद्दलचं वाक्य ऐकून ह्यांनी ते मला पुन्हा म्हणायला लावलं. मग म्हणाले की, असं खरं बोलणारा माणूस विरळा. स्प्रॉकेट बदललं. आता उभा चढ गाडी गुरगुरत चढते, आणि टपालवाले बाजूला होऊन वाट देतात.

पण घात झाला. हे साहेबांना जेवायला बोलवायचं म्हणायला लागले. घरी येणार नसतील तर मीच ऑफिसात भेटतो, म्हणाले. साहेबांना झटका आणावा असं क्षणभर मनात आलं, पण तुमचा विचार करून नुसती बदली केली. जाताना भेटलेसुद्धा नाहीत म्हणून हे हिरमुसले आहेत.

मी उद्यापासून बोगद्याच्या दुसऱ्या तोंडाला तळावर जातेय. तिथे ना फोन ना टपाल. मागे घर सांभाळायला हे आणि गाडी.

आशीर्वाद असू द्या. साहेबांचेही.

तुमची,
सूनबाई


दि. ५ जून

ती. बाबा,
सा. न.

पत्राचं नवल वाटेल. कळवायचं एवढंच की, ही गाडी वर चालणार नाही असं तुम्ही म्हणाला होतात, ती उत्तम चालते. हिच्या ऑफिसात एक साहेब होते, त्यांनी मार्ग दाखवला. दुर्दैवाने त्यांची बदली झाली. जाणकार कसा असतो ते त्यांच्यामुळे कळलं.

शाळेला सुट्टी लागतेय. वीस तारखेला इथून निघतो आणि ह्याच गाडीवरून खाली येतो. तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी अशी इच्छा आहे.

बाकी भेटीत.

आपला मुलगा


दि. १२ जून

चि. बाळास,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं. ये. मी चुकलो असेन तर गाडी पाहून तसं म्हणेन.

फक्त एक ऐक. गाडी वर चालते म्हणजे साहेबांनी लहान जेट घालायला लावला असणार; तो तसाच ठेवून सपाटीवर गाडी ताणू नकोस. खाली हवा दाट, तिला पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं आणि भर वेगात पिस्टन जाम होतो. मागचं चाक तिथल्या तिथे धरतं. असा पडलेला एक जण मी उचललेला आहे. घाट संपायच्या आत सावलीला थांब, जुना जेट घाल, सुई होती त्या खाचेवर आण.

ह्यात माझा हट्ट नाही. माझं पटत नसेल तर तुझ्या साहेबांना गाठून विचार. तू लिहितोस तसे ते असतील, तर वेगळं सांगणार नाहीत.

सावकाश ये. आल्यावर आधी जेव, मग गाडी दाखव.

तुझा,
बाबा


दि. २६ जून

चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आ.

तू तळावरून परतली असशील. तो सुखरूप पोचला. दोन दिवस मी फाटकाशी उगाच झाडांना पाणी घालत होतो.

जेट त्याने घाटातच बदलला होता. मी विचारलं नाही, त्यानेच सांगितलं. माझं पत्र वाचून त्याने साहेब काय म्हणाले असते याचा विचार केला, आणि तेही हेच म्हणाले असते याची त्याला खात्री पटली.

काल दुपारभर अंगणात त्याने कार्ब्युरेटर उघडून मला जेट म्हणजे काय, सुई म्हणजे काय, हवा विरळ झाली की काय होतं, ते समजावलं. मी मान डोलावत होतो. एके ठिकाणी थोडा चुकला, तिथेही डोलावली. इतकं सलग तो माझ्याशी लहानपणानंतर बोललेला नाही.

शेवटी मला राहवलं नाही. मी म्हटलं की, तुझे साहेब हुशार असतील, पण जरा आगाऊ वाटतात. बोलावलं नसताना सल्ले देणारा माणूस मला आवडत नाही. तर तो हातातला पाना खाली ठेवून उभा राहिला. म्हणाला की, त्या माणसाला तुम्ही ओळखत नाही. त्यांनी स्वतःचं नाव कधी पुढे केलं नाही, उपकार दाखवले नाहीत, आणि त्यांच्याबद्दल असं ह्या घरात मी ऐकून घेणार नाही.

माझी बाजू घेऊन असं कडाडून कुणी माझ्याशीच भांडलेलं मला आठवत नाही. मी ताबडतोब माघार घेतली.

पुढच्या रविवारपर्यंत त्याला ठेवून घेतोय. तुला त्याचा राग येऊ नये.

तुझा,
बाबा