गाठ साधी नव्हती

वाळूदादा,

मार्चमध्ये माझ्या मानेत गाठ आली, तेव्हा ती साधी आहे असं मी तुला सांगितलं. तो कर्करोग होता, लिम्फोमा. तू मला दिलेली किडनी टिकावी म्हणून घेतलेल्या गोळ्यांनी माझी प्रतिकारशक्ती दबली आणि असा कर्करोग घडवणाऱ्या एका विषाणूनं डोकं वर काढलं. "हा बहुतेक भावाच्या किडनीतूनच आला," डॉक्टर म्हणाले. "त्याला स्वतःला त्याचा काहीच त्रास नसणार."

त्यांनी गोळ्या कमी केल्या आणि गाठीसाठी इंजेक्शनं सुरू केली. आता किडनी हातची जायची भीती होती. नेमका तेव्हाच एकलहऱ्याहून तुझा फोन आला, "शुभे, माझी किडनी नीट काम करती ना गं? काय तक्रार नाय ना?"

"तुझ्यासारखीच आहे, सुट्टी म्हणून घेत नाही," मी म्हणाले आणि फोन ठेवून पोटभर रडले.

दादा, इंजेक्शनं लागू पडली. आजच्या तपासणीत गाठ कुठेच नाही आणि किडनीही शाबूत आहे. सोमवारपासून मी कामावर जाणार.

हे पत्र मात्र तुला पाठवणार नाही. विषाणूचं कळलं तर तू स्वतःला दोष देत बसशील. मला विचारशील, तर हे सगळं आधी माहीत असतं तरी मी तुझीच किडनी मागितली असती.

तुझी,
शुभी