ड्रमसेटची तपासणी

११ फेब्रुवारी १९९६, रवि.

सकाळी दळण. स्कूटरचा प्लग साफ केला. दुपारी जेवताना प्रज्ञाने हळूच विषय काढला. कोपरगावला एक ड्रमसेट विकायला आहे. जुना, पण बऱ्यातला. "पप्पा, तुम्ही तपासा. तुम्ही पास केला तरच घेऊ."

पोरगी हुशार. काय म्हटलं की बाप विरघळतो ते तिला बरोबर ठाऊक. एमआयडीसीत वीस वर्षं माल तपासतोय, माझ्या सहीशिवाय गेटबाहेर साधा नट जात नाही. घरात मात्र माझी सही कुणी मागत नाही. आज मागितली.

एफ. वाय.च्या गॅदरिंगला भाड्याच्या सेटवर वाजवलं तेव्हापासूनचं हे खूळ. आता कॉलेजातल्या पाच मुलींचा ग्रुप केलाय. चौदा एप्रिलला, जयंतीच्या स्टेजवर भीमगीतं म्हणणार. ड्रमवर प्र.

हो म्हणालो नाही. नाही पण म्हणालो नाही. "बघू" म्हणालो.

१२ फेब्रु., सोम.

सुनंदा म्हणते, "तुमचं बघू म्हणजे नाहीच ना? मग सरळ सांगा तिला. आणि कारणही सांगा."

कारण मिरजगावला बसलंय. आबा, माझे वडील. वय अठ्ठ्याहत्तर. दीक्षा घेतली त्या साली त्यांनी स्वतःच्या हाताने हलगी फोडली. गावात लग्न असो, जत्रा असो, हलगी आबांची. सगळ्यांच्या दारात वाजवायचं आणि दाराबाहेरच थांबायचं. फोडल्यावर गावाने वर्षभर काम दिलं नाही. तेव्हा त्यांनी सांगून ठेवलं, या घरातला हात परत वाजवणार नाही. मी सहा वर्षांचा होतो. पुढे शाळेत बँडपथकात माझं नाव आलं तर आबा मास्तरांकडे जाऊन काढून आले.

आता त्यांच्या नातीला ड्रम हवाय. मी काय तोंडाने सांगू त्यांना?

१८ फेब्रु., रवि.

प्र.ला घेऊन एसटीने कोपरगाव. मनात ठरवूनच निघालो होतो, खोट काढायची आणि परत यायचं. जुन्या मालात खोट नसते असं होत नाही. पिशवीत मापं घ्यायचा व्हर्नियर, स्टीलची पट्टी, बॅटरी. प्र. म्हणाली, "पप्पा, मुलगी बघायला चाललोय का आपण?"

विकणारे दिलीपभाऊ. ऑर्केस्ट्रात पंधरा वर्षं ड्रमर. आता सगळ्यांना इलेक्ट्रिक पॅड पाहिजे. एवढ्याशा पेटीत सगळे आवाज, टेम्पोही लागत नाही. "आमी दोघंबी रिटायर. मी आन् ह्यो," म्हणाले. हसले, पण सेटवरची चादर काढताना दोनदा थांबले.

बघितलं ते असं:

पुढे नाव जपानी, आत हात घालून बॅटरी मारली तर शिक्का तैवानचा. दिलीपभाऊ म्हणाले, जपान्यांनी तिकडं करून घेतलाय, नकली न्हाई. पटलं. आमच्याकडेही तेच चालतं.
लाकडाचे थर कुठे सुटलेले नाहीत. कडा घासून बघितल्या, खाच नाही. पास.
क्रोम ठिपके ठिपके गेलंय. नदीकाठची हवा. चालेल.
चाव्यांचे बोल्ट बत्तीस, दोनाचे आटे गेलेले. रिवर्क. मी करीन.
साइडड्रमच्या खालच्या तारा घट्ट बसत नाहीत, खटका घसरतो. रिवर्क.
पायांवर उभा राहतो तो मोठा ड्रम: तोंड एका बाजूने मापलं आणि काटकोनात परत मापलं. तीन मि.मी.चा फरक. म्हणजे गोल नाही. रिजेक्ट.

मनात म्हटलं, सापडली. तेवढ्यात दिलीपभाऊंनीच मोठी झांज उजेडात धरली. "सायेब, तुमी इचारलं न्हाई. पर हितं केसाएवढी चीर हाय. मागनं बोल नको." मला दिसली नव्हती. वीस वर्षांचा इन्स्पेक्टर.

अशा माणसाच्या मालाला खोट काढायची तर काढायची कशी. मी म्हटलं, विचार करून कळवतो.

ते म्हणाले, "तुमी पंधरा दिस घरी न्या. वाजवून बघा. दहा मार्चपतूर सांगा, मंग श्रीरामपूरची बँड पार्टी यायची हाय न्यायला." किंमत अकरा हजार. प्र.चा हात पूर्ण वेळ त्या साइडड्रमवर होता.

२४ फेब्रु., शनि.

टेम्पो आला. हॉल भरला. टीपॉय गॅलरीत, सोफा भिंतीला. शेजारच्या काकू येऊन विचारून गेल्या, मिक्सर रिपेअरिंगचा धंदा काढला का. प्र. सहा ते सात एवढाच वेळ वाजवणार असं ठरलं. झांजांवर टॉवेल.

बोल्टना नवे आटे पाडले. चिरीच्या टोकाला बारीक भोक मारलं, म्हणजे पुढे सरकत नाही. आमच्या पत्र्यांना करतो तेच. प्र. बघत होती. "रिजेक्ट करायचा माल कुणी एवढा दुरुस्त करतं का?" म्हणाली. मी भोकाची कड घासत राहिलो.

२८ फेब्रु., बुध.

आज जे केलं ते लिहायलाच पाहिजे.

प्र. क्लासला. साइडड्रम सैल वाटला, आवाज पसरत होता. बोल्ट आवळायची चावी सापडेना. काही विचार न करता तो उचलला, किचनमध्ये गेलो, गॅस बारीक केला आणि वरची बाजू आचेवर धरून गोल फिरवायला लागलो. दोन फेऱ्या. तिसरीला प्लॅस्टिक चुरमुडलं, पापड भाजल्यासारखं, आणि वास. सुनंदा धावत आली. "अहो, काय करताय! प्लॅस्टिक आहे ते!"

प्लॅस्टिक आहे हे मला माहीत होतं. मीच तपासलंय. कातडं असतं तर आचेने ताणलं गेलं असतं. हलगी तशीच तापवतात. आबा लग्नघराबाहेर कडबा पेटवून फिरवायचे, मी शेजारी बसायचो आणि विझायला आलं की काडी टाकायचो. चाळीस वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. आज हाताने परस्पर करून टाकलं.

सुनंदा आधी रागावली, मग हसत सुटली, मग माझं तोंड बघून तिने गॅस बंद केला.

१ मार्च, शुक्र.

इथे नगरमध्येच नवीन पान मिळालं. ड्रमवरच्या प्लॅस्टिकला पानच म्हणतात म्हणे. बसवलं.

प्र.ला सगळं सांगितलं. हलगी, कडबा, दाराबाहेर उभं राहणं, फोडलेली हलगी. आबांचा शब्द. तिला एवढंच माहीत होतं की आबांना बँडबाजा आवडत नाही. मग म्हणाली, "तुम्ही मापं कशाला घेत होतात पप्पा? हे आधीच सांगायचं ना."

बरोबर आहे तिचं. मला लाज वाटली. आबांचा शब्द मोडायची हिंमत नाही, पोरीला नाही म्हणायची पण नाही, म्हणून तीन मि.मी.च्या मागे लपलो.

ती म्हणाली, "आबांना न विचारता मी घेणार नाही." मला वाटलं होतं भांडेल. भांडली असती तर सोपं गेलं असतं.

३ मार्च, रवि.

मिरजगावहून चुलतभावाचा फोन. आबांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मंगळवारी नगरला. उद्या घेऊन येतोय, आठवडाभर तुमच्याकडे.

तिघांची बैठक. प्र. म्हणते आल्याबरोबर सांगू. सुनंदा म्हणते ऑपरेशन होऊ द्या, ब्लडप्रेशर वाढवू नका. मी सुनंदाच्या बाजूने. आयत्या वेळी भित्र्याला कारण मिळतंच. सेट कोपऱ्यात सरकवला, वर दोन चादरी, चादरीवर उशा. वाजवणं बंद.

५ मार्च, मंगळ.

ऑपरेशन नीट झालं. पट्टी. दुसऱ्या डोळ्याने आधीच कमी दिसतं. रात्री आबांनी विचारलं, "त्या कोपऱ्यात कोन निजलंय?" सुनंदा म्हणाली, गाद्यागिरद्या आहेत आबा. प्र.ने माझ्याकडे असं बघितलं की जेवण गेलं नाही.

७ मार्च, गुरु.

कामावरून आलो तर आबा कोपऱ्यातल्या खुर्चीत, सेट उघडा, प्र. स्टुलावर बसलेली, काठ्या मांडीवर. सुनंदा किचनच्या दारात.

कळलं ते असं. दुपारी आबांची काठी घसरून झांजेवर पडली. चादरीतूनसुद्धा वाजली. आबांनी प्र.ला हाक मारली, "गादी वाजली का गं?" मग पोरीने सगळं सांगून टाकलं. माझं गॅसवरचं कामही.

आबांनी सेटला हात लावला नाही. मी आल्यावर म्हणाले, "बस. तिला म्हनलंय एक-एक वाजव."

तिने एक-एक वाजवला. सावकाश. आबा मान खाली घालून ऐकत होते. मोठ्या ड्रमवर आल्यावर हात वर केला. "थांब. परत. आता हिकडच्या कडंला. आता तिकडच्या." मग माझ्याकडे वळून, "ह्येचं तोंड गोल न्हाई. दोन जागी दोन बोलतोय."

पट्टी, व्हर्नियर काही न लावता. एक डोळा बांधलेला. चाळीस वर्षं वाद्याला न शिवलेला माणूस. मला रडू आलं, खोकला काढला.

"बाकीचं चांगलं हाय. झांज जरा खवखवती." भोक मारलंय म्हणून सांगितलं. "तू मारलं? मंग बरं हाय."

पुढचं प्र.ला विचारलेलं, जसंच्या तसं लिहून ठेवतो.

"तुला कोन सांगतंय वाजवायला?"
"कुणी नाही आबा. मलाच वाजवायचंय."
"वाजवल्यावर काय देत्यात?"
"काही नाही. टाळ्या."
"कुनाच्या दारात?"
"दारात नाही. स्टेजवर. आपल्याच लोकांपुढे, जयंतीला."
"हुबं ऱ्हाऊन का बसून?"
"बसून. हे स्टूल आहे ना, यावर."

आबांनी स्टुलाकडे वळून बघितलं. मग हळूच म्हणाले, "आमी कदी बसलो न्हाई."

एवढंच. हो नाही, नाही नाही. सुनंदाने चहा आणला. आबांनी अर्धा ठेवला.

८ मार्च, शुक्र.

आबा दिवसभर बोलले नाहीत. संध्याकाळी सहाला प्र. वाजवायला बसली नाही. सव्वासहाला आबांनी विचारलं, किती वाजले. साडेसहाला परत विचारलं. प्र. उठून पुस्तक घेऊन आत गेली. मला कळेना की त्यांना घड्याळ हवंय की आवाज. विचारायला पाहिजे होतं.

९ मार्च, शनि.

पट्टी काढली. डॉक्टर म्हणाले, अजून चार दिवस थांबा. आबा म्हणाले, घरी जायचंय. कुणी दुखावलं का विचारलं तर, "मला काय धाड भरलीय?"

दिलीपभाऊंचा शेजाऱ्यांकडे फोन. उद्या संध्याकाळपर्यंत सांगा, बँड पार्टीवाले सोमवारी टेम्पो घेऊन येणार. मी विचारलं, तुम्हाला काय वाटतं, कुणाला द्यावा? म्हणाले, "सायेब, पार्टीवाले रोख देत्यात. पर पोरीनं हात कसा ठेवला हुता, ते मी बघितलंय."

प्र.ला सांगितलं, मी हो म्हणतो. ठाम म्हणालो, बायकोसमोर. ती म्हणाली, "तुमचं हो मला कळलं पप्पा. आबांचं कळलेलं नाही." आईच्या वळणावर गेलीय.

१० मार्च, रवि.

सकाळी आबांना सोडायला माळीवाडा स्टँडवर. सोलापूर गाडीला गर्दी. खिडकीची जागा मिळाली. डोळ्यावर काळा चष्मा, मांडीवर सुनंदाने दिलेला डबा. मी खाली उभा. सेटचं काय करू, एवढं विचारायचं होतं आणि दहा मिनिटं औषधाच्या वेळा सांगत बसलो. थेंब दिवसातून चार वेळा. डोकं भिजवायचं नाही.

कंडक्टर चढला तसं शेवटी म्हणालो, "आबा, प्रज्ञाचं... तुमचा शब्द आहे, म्हणून ती थांबलीय."

आबा समोरच्या सीटकडे बघत होते. "शबुद मी त्या दारांसाटी दिला हुता. ह्ये काय हाय ते मला अजून कळंना. माझ्या ध्यानात बसना."

"मग नको म्हणू का तिला?"

"मी आसं म्हनलो?" चिडले. ड्रायव्हरने गाडी चालू केली. मी सरकायला लागलो तर खिडकीतून हात बाहेर काढून माझी बाही धरली.

"वाजवंल तवा मला बोलवू नको. मी येनार न्हाई. आयकलंस?"

"हो आबा."

"कंच्या चौकात हाय, त्ये तेवढं कळव."

गाडी निघाली. मी बाहीकडे बघत तिथेच उभा. प्र.ला यातलं काय सांगायचं, ते अजून ठरत नाही. दिलीपभाऊंना संध्याकाळी फोन करायचाय.