बेगमचं नख

रविवार, संध्याकाळ

आज किळस आली, आणि ती स्वतःचीच. छावणीच्या बाजारातून मोठा पिंजरा आणला, म्हणून दुपारी आमचे दोन्ही पोपट त्यात हलवायला घेतले. राजा सरळ हातावर आला. बेगम काही केल्या निघेना. मी जरा ओढलं तर किंचाळली. सुनंदानं चष्मा लावून पाहिलं आणि माझ्यावरच ओरडली, "अहो, ओढू नका! नख तारेला गुंडाळलंय तिचं."

वाढून वाढून नख तारेभोवती वळलं होतं. कधीपासून? रोज दाणापाणी मीच घालतो, मग दिसलं कसं नाही मला? सुनंदानं ते कापलं, थोडं रक्त आलं. खालचा पत्रा उचलला तर विष्ठेचा जाड थर, सडक्या मिरच्या आणि वळवळणाऱ्या अळ्या. चार वर्षं ती दोघं त्या घाणीवर बसून होती, आणि मी पाहुण्यांपुढं त्यांना बोलायला लावत होतो. छी!

नव्या पिंजऱ्यात बेगमनं पंख उघडले आणि धपकन खाली पडली. उडायचं विसरूनच गेलीय ती.

तेवढ्यात शेजारचे काका आले. पिंजरा बघून म्हणाले, "लई जीव लावता राव तुम्ही पाखरांना!"

"व्हय काका," मी म्हणालो. वर हसलोसुद्धा. का हसलो? ते नख तिथंच फरशीवर पडलं होतं.

सुनंदानं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि आत गेली.