पेंड्रारोडहून आलेले मोजे

पेंड्रारोड,
ता. १४ ऑगस्ट १९५९

सौ. कुंदास,
अनेक आशीर्वाद. वि. वि. मी येथे सॅनेटोरियममध्ये ठीक. तुम्हां सर्वांची खुशाली येत राहिली की येथले दिवस सरतात.

तुझे पत्र पोचले. इंजेक्शने चालू आहेत. ताप आता रोज येत नाही. डॉक्टर म्हणतात, क्षयाला औषधाइतकेच पडून राहणे लागते. दारव्ह्याच्या तहसिलीत इतकी वर्षे फायली उपसल्या, पण नुसते पडणे हे एवढे कष्टाचे काम असेल असे कधी वाटले नव्हते. दुपारी सगळा वॉर्ड गप्प होतो. अशा वेळी मी आपल्या छोट्या रजनीचा आवाज आठवून पाहतो. कधी आठवतो, कधी अर्धाच आठवतो.

एक नवीन बातमी आहे, हसू नकोस. मी विणकाम शिकू लागलो आहे. शेजारच्या खाटेवर देवसिंग नावाचा बंजारा आहे, आपल्याच जिल्ह्यातला, बोरी अरबजवळच्या तांड्यावरचा. पलटणीत होता, तिथल्या इस्पितळात मोजे विणायला शिकला. सायकलच्या तारा दोन्ही टोकांना घासून त्याने सुया केल्या आहेत. तीन सुयांवर टाके त्रिकोणात बसवायचे आणि चौथीने विणत गोल फिरत राहायचे. शिवण कुठेच येत नाही. माझ्या पहिल्या दिवशी एक सुई सुटली आणि सगळे टाके पांघरुणात सांडले. देवसिंग खोकेपर्यंत हसला. म्हणाला, बाबूजी, डोक्यानं नोका इनू, हातानं इना.

रजनीचा पाय कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरव आणि तो कागद पाठव. येथे थंडी फार पडते म्हणतात, तिकडेही पौषात फरशी गार होतेच. मोजे तिच्यापासून सुरू करतो.

दादांना व वहिनींना नमस्कार. इतक्या दुरून जेवढी माया पोचते तेवढी पोचती करावी.

तुझा,
नंदकिशोर


दारव्हा,
ता. २१ सप्टेंबर १९५९

तीर्थस्वरूप,
साष्टांग नमस्कार वि. वि. आपले पत्र पोचले, ताप उतरल्याचे वाचून देवाजवळ साखर ठेवली.

पायाचा कागद सोबत आहे. आपल्या लेकीला गुदगुल्या फार, पाय तीनदा हलला, म्हणून अंगठा दोनदा दिसतो आहे. आतली रेघ खरी धरावी. ती सगळ्यांना सांगते की बाबा आगगाडी विकत आणायला गेले आहेत, आणि ती मोठी असल्यामुळे वेळ लागतो. मी तिला खोटे पाडत नाही.

घरी सर्व ठीक. जाऊबाई आपले पत्र आले की आधी उन्हात टाकतात, मग मला देतात. त्यांचेही चूक म्हणवत नाही, त्यांना मुली आहेत. दादांनी माझे आणि रजनीचे अंथरूण मागच्या खोलीत हलवले आहे. ती खोली हवेशीर आहे. यंदा महालक्ष्म्यांना आपल्या आळीतून कोणीच मला जेवायला बोलावले नाही. दरवर्षी तीन-तीन घरची आमंत्रणे सांभाळताना पोट दुखायचे, यंदा पोटाला आराम मिळाला असे मी मनाशी म्हटले. रजनीने मात्र विचारले की आपण पुरणपोळी का नाही खाल्ली. मग तिच्यापुरत्या दोन केल्या.

आपण विणता हे मी कोणाला सांगितलेले नाही. एकटीच आठवून हसते. इथे हसायला कारणे थोडी, म्हणून हे जपून वापरते आहे.

प्रकृतीस जपावे. आमची आठवण जशी आहे तशी असू द्यावी.

आपली,
कुंदा


पेंड्रारोड,
ता. २९ नोव्हेंबर १९५९

सौ. कुंदास,
अनेक आशीर्वाद. वि. वि. सोबतचे पार्सल नीट उघड. तांबडे छोटे मोजे रजनीचे आहेत.

घोट्यापर्यंत काही अवघड नव्हते, गोल गोल जायचे. टाचेशी येऊन मात्र मी अडलो. तिथे अर्धे टाके बाजूला ठेवून उरलेल्यांवर मागे-पुढे विणायचे, मग कडेचे टाके उचलून पुन्हा गोलाला लागायचे. चार वेळा उसवले. एकदा रागाने लोकर खाटेखाली फेकली. देवसिंगने ती काठीने ओढून काढली, गुंडाळली आणि माझ्या उशाशी ठेवली. पाचव्यांदा टाच वळली. कुंदा, लोकरीला पायाचा आकार येताना पाहिला आणि मला वाटले, रजनी समोर पाय सोडून बसली आहे.

दुसरा मोठा जोड देवसिंगने त्याच्या बायकोसाठी केला आहे. तिचे नाव बिजलीबाई. तांड्यावर पत्र वाचणारे कोणी नाही, म्हणून तो पत्र लिहवून घेत नाही आणि त्याला कधी पत्र येत नाही. माझे पत्र आले की मोठ्याने वाचायला सांगतो. पुरणपोळीचा मजकूर त्याने दोनदा ऐकला. बोरी अरबकडे कोणी जात असेल तर तो जोड पोचव, आणि सांग की तो ठीक आहे. तो तितकासा ठीक नाही, पण तसेच सांगायला सांगतो.

माझ्या छातीचा फोटो बरा आला आहे. डॉक्टर म्हणतात, असेच राहिले तर उन्हाळ्यापर्यंत सोडू. तोवर धीर धर आणि मलाही थोडा पाठव.

तुझा,
नंदकिशोर


दारव्हा,
ता. २६ डिसेंबर १९५९

तीर्थस्वरूप,
साष्टांग नमस्कार वि. वि. पार्सल पोचले. आपल्याला काय लिहावे हे ठरवण्यात इतके दिवस गेले. शेवटी जे झाले तेच लिहिते.

पार्सल आले तेव्हा मी विहिरीवर होते. जाऊबाईंनी काठीने उघडले आणि तांबडे मोजे उकळत्या पाण्यात टाकले. त्यांच्या मनात वाईट नव्हते, रोग मरावा एवढेच होते. मी आले तेव्हा पातेले चुलीवर होते आणि पाणी लाल झाले होते. काढले तर मोजे आटून घट्ट झाले होते, बाहुलीलाही बसले नसते. जाऊबाईच रडू लागल्या, आणि मला त्यांची समजूत काढावी लागली.

रजनीने ते दोन बोटांत घातले आणि ओट्यावर त्यांना चालवत राहिली. तिला वाटते, बाबांनी ते तसेच केले. मी तिला म्हटले की हो, तसेच केले.

बिजलीबाईंचा जोड कागदात वेगळा गुंडाळलेला होता, तो पातेल्यात पडण्याआधी मी उचलला, म्हणून वाचला. माझ्या ट्रंकेत लुगड्यांखाली आहे. जाणारे कोणी मिळाले नाही. खरे सांगायचे तर, मी कोणाला विचारलेही नाही.

आपण मनाला लावून घेऊ नये. मला त्या मोज्यांवरून एकदा हातही फिरवता आला नाही, एवढे मात्र लागले. आपले बरे असल्याचे चार शब्द लगेच धाडावे.

आपली,
कुंदा


पेंड्रारोड,
ता. ७ फेब्रुवारी १९६०

सौ. कुंदास,
अनेक आशीर्वाद. वि. वि. मोज्यांचे लिहिलेस ते बरे केलेस. लपवले असतेस तर आल्यावर मी रजनीच्या पायांकडे पाहत बसलो असतो. वहिनींना बोलू नकोस.

आता दुसरे लिहायचे आहे. देवसिंग गेला. सकाळी चहा घेतला आणि एकदम रक्त आले. नर्सबाईंनी मला खाटेवरून उठू दिले, म्हणून त्याचा हात माझ्या हातात होता. तांड्यासाठी काही निरोप द्यायचा होता त्याला, पण शब्द त्याच्या बोलीतले होते आणि मला एक 'याडी' एवढाच कळला, म्हणजे आई. बोरी अरबला तार केली होती, कोणी आले नाही. त्याला नेले तेव्हा खाली जायची मला परवानगी नव्हती. मी खिडकीतून पाहिले. त्याच्या सुया नर्सबाईंनी मला दिल्या, त्यांवर कुठल्याशा मुलाची टोपी अर्धी आहे.

तो जोड अजून दिला नसशील तर स्वतः जा. दुसऱ्याच्या हाती देऊ नकोस.

दादांचेही पत्र आले आहे. त्यात राग नाही. त्यांच्या मोठ्या मुलीचे स्थळ जुळत आले आहे, घरात क्षयाचा माणूस परतला असे कळले तर मोडेल, अशी त्यांना भीती आहे. बरा झालो तरी वर्षभर इकडेच राहावे, असे त्यांनी सुचवले आहे. मी विचार केला. येथल्या इस्पितळाच्या कचेरीत कारकुनाची जागा आहे, बऱ्या झालेल्या माणसाला देतात. मी राहतो म्हणून कळवले आहे. तुम्ही दोघी तिथे सुखात असा. रजनीला माझ्यावाचून सवय झालीच आहे.

या पत्राला उत्तर लिहिताना माझी बाजू समजून घे, एवढेच मागणे.

तुझा,
नंदकिशोर


दारव्हा,
ता. २० मार्च १९६०

तीर्थस्वरूप,
साष्टांग नमस्कार वि. वि. आपली बाजू समजली. आता माझी ऐकावी.

मी तांड्यावर गेले. रजनीला जाऊबाईंजवळ ठेवले, मोटारीने बोरी अरबला उतरले आणि पुढे पायी. बिजलीबाई कडबा रचत होत्या. त्यांना तारेचे कळलेले होते. मी कोण ते सांगितले तेव्हा त्यांनी हातचे काम सोडले नाही. मोजे पुढे केले. त्यांनी हात पुसले, एक मोजा घेतला, त्यात मनगटापर्यंत हात घातला आणि तशाच उभ्या राहिल्या. मग विचारले, त्याच्याजवळ कोनी होतं का. मी सांगितले की माझे यजमान होते, त्यांचा हात यांच्या हातात होता. त्या खाली बसल्या.

पुढे त्या आपणहून बोलल्या. म्हणाल्या, मले कोनी नेलं असतं तं मी गेलीच असती, पन साऱ्यायनं म्हटलं, लागते तो रोग, नोको जाऊ. आता तेच सारे रोज बसाले येऊन राह्यले. थोड्या रागानेही बोलल्या, की मोजे धाडाले सुचलं, ये म्हनाले नाही सुचलं त्याले. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, तुमचा मानूस जित्ता हाय नं बाई, मंग तुमी इथं कायले?

परतताना मोटारीत मी आपले पत्र मनात पुन्हा वाचले. आपण लिहिले आहे की तुम्ही सुखात असा. मी या घरात सुखात नाही. मी इथे फक्त जागेवर आहे.

म्हणून जे केले ते कळवते. लग्नाआधीची माझी सातवीची परीक्षा कामी आली. मारेगावला जनपद सभेच्या शाळेत एका बाईंच्या जागी मला घेतले आहे. एप्रिलपासून जायचे. खोली पाहताना मी आधीच सांगत गेले की यजमान क्षयातून उठून येणार आहेत. दोन घरांनी दार लावले. तिसरे बाबाराव म्हणून आहेत, म्हातारे आणि एकटे. त्यांनी एवढेच विचारले की डॉक्टरचा कागद आहे का. मी म्हटले, येईल. ते म्हणाले, मंग मांगची खोली तुमची, आंगनात खाट टाकाले जागा हाय.

दादांना मी स्वतः सांगितले. त्यांनी मान खाली घातली. रजनीच्या नावाने नारळ आणून दिला. मुलीचे लग्न आता निर्धास्तपणे व्हावे, असे मी मनापासून म्हटले.

आता कचेरीची ती जागा दुसऱ्या कोणा गरजू माणसाला मिळू द्यावी. डॉक्टरांनी सोडले की नागपूरवरून वरोऱ्याला उतरावे, तिथून वणीवरून मारेगावकडे येणारी मोटार मिळते. यापुढे मला पत्राची नको, आपली वाट पाहू द्यावी.

आपली,
कुंदा


मारेगाव,
ता. १० जुलै १९६०

तीर्थस्वरूप दादांस व सौ. वहिनींस,
नंदकिशोरचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. लग्न नीट पार पडल्याचे तुमचे पत्र वाचून फार बरे वाटले. आम्ही येऊ शकलो नाही याचे मनात आणू नये.

मी जूनमध्ये येथे पोचलो. थुंकीची तपासणी तीन वेळा निर्दोष आली आहे, तो कागद बाबारावांनी आपल्या देव्हाऱ्यात ठेवला आहे. मी दिवसा अंगणात बसतो. ताट-पेला वेगळा ठेवतो, गरज नाही असे डॉक्टर म्हणतात तरी. कुंदा सकाळी शाळेत जाते. आल्यावर मुलींच्या वह्या काढून माझ्याजवळ बसते. आम्हांला एकमेकांशी बोलायची सवय मोडली आहे, पत्रात जे सुचायचे ते समोर सुचत नाही. कधी कधी ती शेजारी असताना मला तिचे पत्र यावे असे वाटते. गावातले कोणी अजून चहाला आलेले नाही. येतील.

रजनीचे लिहायचे होते. मी आलो त्या दिवशी ती दारातच उभी राहिली. मी हाक मारली तर आईला विचारले की यांना शिवले तर चालते का. कोणी शिकवले असे नाही, मुले ऐकून शिकतात. तेव्हापासून ती माझ्यापासून हातभर अंतर सोडून जाते. मी बोलावत नाही. बोलावून ती आली आणि तिच्या मनात भीती राहिली, तर त्या येण्याचा काय उपयोग?

काल दुपारी मी अंगणात खाटेवर मोजा विणत बसलो होतो, बाबारावांच्या पायाचा. रजनी पाटी घेऊन आली. खाटेच्या दुसऱ्या कडेला चढली आणि माझ्याकडे पाठ करून लिहायला लागली. थोड्या वेळाने तिला टेकायला काही हवे झाले असेल. तिने पाठ माझ्या पाठीला टेकवली. पाटीवरची पेन्सिल तेवढी ऐकू येत होती.

मोज्याचा पंजा केव्हाच पुरा झाला होता, टाके मिटवायचे राहिले होते. पण हात थांबला तर ती उठून जाईल असे मला वाटले. म्हणून मी तसाच गोल गोल विणत राहिलो. कुंदा शाळेतून आली, तिने फाटकातून आम्हांला पाहिले आणि तिथेच उभी राहिली. तोवर मोजा एखाद्या उंटाला पुरेल एवढा लांब झाला होता.

लहान मुलींना गोड पापे. तुमचे पाय इकडे वळले तर अंगणात आणखी एक खाट टाकता येते.

आपला,
नंदकिशोर