पटात मारलेली हाक

॥ श्री ॥
मुक्काम बडनेरा, पौष वद्य एकादशी, शके १७८९

चिरंजीव भाऊ पुंजाराम यास मोठी बहीण सुभद्रा हिचा मायेचा आशीर्वाद. आमी अथी खुशाल आहो. तुह्या घरची खुशाली लिहीत जा. म्हणजे लिहून घेत जा, तुले कुठं अक्षर येते! मलेई येत नाई. मी बोलून राहिली आन् तुहे भाटवे, आमचे हे, लिहून राहिले. त्याईले म्हटलं, जसं बोलते तसंच लिहा, वरून आपल्या शहाणपणाचं मीठ टाकू नका.

इकडं कापसाची वेचणी चालू आहे. घरात कापूस, अंगणात कापूस, काल भाकरीत निंघाला. टेसनावर गाठी अशा रचल्या की मांगची गाडी दिसत नाई. कपिली गाय व्याली, गोऱ्हा झाला. तिळगूळ पाठवाचा राहिला, त्याचा राग धरू नको.

तुले लागलं ना पटात, बैलजोड्याईच्या शर्यतीत? आपल्या गावचे गोवर्धनकाका काल अथी लेकीकडं आले होते, त्याईनं सांगतलं. कोपराले एरंडाचं पान गरम करून बांध. आन् जेवत जा. दोन दिवस ताटावरून उठून गेला म्हणे. असं करतेत का, बावा?

काकानं आणखी एक सांगतलं. येत्या बाजारी तू चेंडूले विकून राहिला. गाठी वाहणाऱ्या गाडीवाल्याले. म्हणे, भर पटात दगा देणारा बैल मले दारात नको.

पुंजा, घाई करू नको. आधी माह्यं ऐक.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मी आगगाडीत बसली. यांच्या मावशीले, तानुबाईले, अकोल्याच्या राजेश्वराचा नवस फेडाचा होता. मी तिच्या सोबतीले गेली, घरी इचारूनच गेली. बाकावर बसाचं भेव वाटलं म्हणून दोघींनी खालीच फतकल मारली. गाडी हालली तशी तानुबाई फळीवर थापा मारे, "हळू हाक रे बावा, म्हातारं माणूस आहे!" सारा डबा हासला. मीई हासली. मंग बोरगाव आलं. आपलं बोरगाव! चिंचा दिसल्या, महादेवाचा कळस दिसला. मी उठून दाराशी गेली आन् परत येऊन बसली. माहेरावरून गेली अन् माहेरी उतरली नाई, असं कोणाचं झालं असंन का?

कावून उतरली नाई, ते सांगते. सांगावंच लागन.

मी राजेश्वरासाठी गेलीच नाई. तानुबाईले देवळात बसवलं आन् तथीच्या पटावर गेली, तुह्यी जोडी पाह्याले.

(हे आइकून यांनी टाक खाली ठेवला. उठले, माठातलं पाणी प्याले. परत येऊन बसले. म्हणतात, "पुढं सांग." म्हणून सांगते.)

बायका पटावर जात नाईत, मले समजते. यांनी दोन साल आधी तोंडावर नाई म्हटलं होतं. पण तो बैल माह्या हातचा, पुंजा. त्याची माय मेली तवा तो तीन दिवसाचा होता. चिंधी दुधात बुडवून मी त्याच्या तोंडात देत जाओ. गोल गोल, टुणटुण उड्या मारे म्हणून चेंडू नाव मीच ठेवलं. तू मोठा धुरकरी झाला, अकोल्याचा दलाल तुले जोडी हाकाले मानानं बोलावते, चेंडूचं नाव तू वादळ ठेवलं. ठेव बावा. पण मले एक डाव पाह्याचं होतं, दोघंई माहेच.

कोपऱ्यात चार-पाच भाजीवाल्या उभ्या होत्या, त्यांच्यात मी घुसली. तुह्यी जोडी सुटली. तू उभा, कासरे ताणलेले, धूळ मांगं मांगं राहून राहिली. दुसरी जोडी दोन हात मांगं. मले भानच राहिलं नाई रे. मी जोरानं ओरडली, "चाल रे माह्या चेंडबा!"

त्यानं आइकलं. एवढ्या ढोलात, एवढ्या कालव्यात त्यानं माहा आवाज आइकला आन् मान वळवली. जोडीदाराले ओढत धाव सोडून तो सरळ माह्याकडं आला. छकडं कलंडलं, तू पडला. लोकं हासले, "वादळ चराले चाललं!" म्हणे. सारं मी पाह्यलं.

तो माह्यासमोर येऊन उभा राहिला, पदर हुंगून राहिला. आन् मी काय केलं? पदर नाकावर ओढून घेतला. तू आला, कोपरातून रगत वाहून राहिलं होतं. मले म्हणाला, "मावशी, मांगं सरा." सख्ख्या बहिणीले मावशी म्हणाला! मी मांगं सरली. तू चेंडूच्या पाठीवर दोन कोरडे ओढले. सपकन् आवाज झाला. तो जागचा हालला नाई, माह्याकडंच पाहत राहिला. मी एक शब्द बोलली नाई. चारचौघात घरची लाज जाईन म्हणून बोलली नाई.

ते दोन कोरडे माहे होते, पुंजा. त्या दिवसापासून मले घास जात नाई. तुले म्हणून राहिली जेवत जा, आन् मी तशीच उठून राहिली.

चेंडूनं दगा दिला नाई. दगा माह्याकडून झाला, तोई मायेपायी. गाठी वाहता वाहता दोन सालात मरन तो. पायातलं हुंदडणं कोणी ओळखन का तथी? विकू नको. मले शिव्या दे, राखी-भाऊबीज बंद कर, पण त्याले विकू नको.

आन् आणखी एक. हे पत्र गुरुजीकडून घरात वाचून घेशीन तर चालणार नाई. चावडीवर वाचून घे, मोठ्यानं. बैलाचं नाव चारचौघात बद्दू झालं, तं माह्यंई नाव तथीच घे. हे म्हणतात, "विचार कर, गावभर होईल." मी केला विचार. तुमी लिहा म्हटलं.

चेंडूच्या पाठीवर लोणी लाव. वळ असतीन अजून.

तुह्यी चुकलेली बहीण,
सुभद्रा

दस्तुर खुद्द वामनराव याचा राम राम. तुझी बहीण आता रडत बसली आहे, म्हणून एवढे मीच लिहितो. मजशी खोटे बोलून गेली याचा राग आला होता. लिहिता लिहिता निवला. विचारले असते तर मी पुन्हा नाहीच म्हटलो असतो, हेही खरे. पत्र चावडीवर अवश्य वाचून घ्यावे, माझ्या नावासकट. बैल विकू नये. माघातल्या पटास मी स्वतः तिला आगगाडीने घेऊन येतो. या खेपेस तिला कोपऱ्यात नको, धाव जिथे संपते त्या खुणेच्या पलीकडे उभी करू, आणि हाक मारायची ती पोटभर मारू दे.