मले विचारून बसतात

६ डिसेंबर १९३७, अनसिंग
आज पोलिसानं माह्या ओट्यावरून तिघायले नेलं – उकंडराव, हेमसिंग अन् गुलाम नबी शिंपी. पैसे लावून पत्ते खेळत होते. मी दाराआड ज्वारी निवडत होती. आमचे मालक, मास्तर, वारले तवापासून, एकोणीस वर्षं, मी आतूनच ऐकत असते – कोणाची गाय व्याली, कोणाची सून रुसली. माह्याशी कोणी बोलत नाही, पण बोलणं घरात येते. आज पत्ते तसेच पडून होते. उचलून डब्यात ठेवले.

८ डिसेंबर
सोजरबाई आली, उकंडरावची बायको. पायच धरले. "महिनाभर आत टाकतीन त्यायले. कापूस बोंडात लटकून राह्यला, मी एकटी कसा वेचू?"

११ डिसेंबर
वाशीमचे वकील येऊन गेले. म्हणे चव्हाट्यावर खेळले तर गुन्हा, कोणाच्या घरी बसून खेळले तर नाही. पोलीस म्हणते ओटा सडकेवर, येईल तो बसते, म्हणून चव्हाटाच. "बाई, तुमी कोर्टात एवढंच सांगा – ओटा माह्या घराचा, माणसं मले विचारून बसतात."
रांडमुंड बाईनं सांगायचं, परके माणसं मले विचारून बसतात! अन् खरं पाहता विचारलं कोणी? एकोणीस वर्षांत एकानं तरी?

१२ डिसेंबर
दीर आला, नानाजी. "असं सांगशील तर आमच्या दारात पाय ठेवू नको." तसंही कोण बोलावून राह्यलं मले.

१६ डिसेंबर
सांगितलं.
साहेबानं विचारलं, "तुमच्या परवानगीनं बसतात?" हो. "रोज?" रोज. मागं कोणीतरी खाकरलं, कोणी हासलं. मी पदर आणखी पुढं ओढला. पण खोटं कायले लिहू – मनातून बरं वाटलं. चारचौघांत सांगितलं, हे माह्याकडं येतात म्हणून. तिघंही सुटले. येताना शेंगदाणे घेतले, उद्या भाजून ओट्यावर ठेवीन.

१९ डिसेंबर
कोणी नाही.

२३ डिसेंबर
गुलाम नबी सडकेच्या पल्याडच्या कडंनं गेला, मान खाली. विहिरीवर सोजरबाईले विचारलं, उकंडराव काहून येत नाही? म्हणे, "आता कसे येतीन? तूच सांगितलं ना कोर्टात, तुह्या घरी येतात म्हणून. लोक काय म्हणतीन?" हिनंच पाय धरले होते! मी घागर उचलली. घरी येऊन रडली. ओटा सगळ्यायचा होता तवा घर भरलेलं होतं, आता माह्या एकटीचा झाला. चूल नाही पेटवली.

३ जानेवारी १९३८
आज दार उघडून मीच ओट्यावर जाऊन बसली. पहिल्यांदा. ऊन चांगलं होतं. बाजाराच्या बाया चालल्या होत्या. त्यातली प्रयागबाई थांबली, डोक्यावरचं वांग्याचं टोपलं उतरवलं. म्हणे, "सरक वं जराशी."
सरकली.